आधी देणं कोणाचं?

मोटार अपघाताच्या दाव्याची फाईल उघडली की मी आधी बिलांची यादी पाहतो. सोलापूरच्या न्यायालयात ही कामं करता करता लागलेली सवय आहे. औषधांच्या पावत्या कोऱ्या कागदावर एकाखाली एक चिकटवलेल्या असतात, कोपऱ्यात शाईने अनुक्रमांक घातलेला असतो, खाली बेरीज असते. त्या बेरजेवर पुढचं पुष्कळ ठरतं.

काही वर्षांपूर्वी एका यंत्रमाग कामगाराची फाईल माझ्याकडे आली. रात्रपाळी संपवून हैदराबाद रस्त्याने सायकलवर घरी जाताना त्याला मालट्रकने उडवलं होतं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. सरकारी रुग्णालयात एक्केचाळीस दिवस, दोन शस्त्रक्रिया, रक्ताच्या चार पिशव्या, हाडात बसवलेला रॉड. फाईलमध्ये केसपेपर होता, डिस्चार्ज कार्ड होतं, एक्स-रेची मोठी पाकिटं होती. बिलं मात्र तीनच होती: बाहेरून आणलेली औषधं, एक तपासणी आणि वॉकर. बेरीज २,१४० रुपये. ट्रकचा विमा चालू होता, हप्ता वेळेवर भरलेला होता. कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात उपचारांबद्दल एकच प्रश्न विचारला, "उपचार मोफत झाले, हे खरं आहे ना?" त्याने पिंजऱ्यात उभ्या उभ्या हात जोडले. "हो साहेब, सगळं फुकट झालं. सरकारचे उपकार आहेत." उपचारखर्चाच्या शीर्षाखाली २,१४० रुपये मंजूर झाले.

तो खरंच बोलला होता. तरीही फुकट काहीच झालं नव्हतं. रॉड विकत आला होता, भूल देणाऱ्या डॉक्टरांना पगार होता, खाटेवरची चादर धुणाऱ्यालाही पगार होता. तो सगळा खर्च तुम्ही-आम्ही कराच्या पैशातून भरला. असा प्रसंग आला तर आम्ही देऊ, असं लिहून देऊन ज्यांनी ट्रकमालकाकडून हप्ता घेतला होता, त्यांना ही जबाबदारी २,१४० रुपयांना पडली. हाच माणूस त्या रात्री खाजगी रुग्णालयात नेला गेला असता तर बिल काही लाखांचं झालं असतं आणि ते त्याच कंपनीला भरावं लागलं असतं. जखमी माणूस जितका गरीब, तितका विमा कंपनीचा फायदा, असा हा हिशेब आहे. तो कोणी कट करून मांडलेला नाही. उलट तो कोणी मांडलेलाच नाही, म्हणून तसाच चालत आला आहे.

या पुस्तकाचा विषय त्या फाईलपासून सुरू होतो. एखाद्याच्या उपचाराचा खर्च देण्याची जबाबदारी कायद्याने किंवा कराराने दुसऱ्या कोणाची असेल, म्हणजे धडक देणाऱ्या वाहनाच्या विमा कंपनीची, कारखानदाराची किंवा वर्षानुवर्षं हप्ता घेणाऱ्या मेडिक्लेम कंपनीची, तर सार्वजनिक आरोग्य योजनेच्या तिजोरीला हात लागण्याआधी त्यांनी पैसे दिले पाहिजेत. योजनेने आधी दिले असतील तर ते त्यांच्याकडून परत आले पाहिजेत. सरकार हा शेवटचा देणेकरी आहे, आणि त्याच्याआधी रांगेत कोण उभं आहे हे पाहण्याचं शास्त्र जगात गेल्या शतकाच्या मध्यापासून उभं राहिलं आहे. मराठीत त्याबद्दल एकत्रित असं लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

बाहेरच्या देशांकडे आधी पाहू, कारण तिथे हा प्रश्न उघडपणे भांडला गेला. अमेरिकेत ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड अशा दोन योजना आल्या. दोनच वर्षांत, १९६७च्या दुरुस्तीने, मेडिकेड चालवणाऱ्या राज्यांवर बंधन आलं की रुग्णामागे दुसरा कोणी देणेकरी आहे का हे त्यांनी शोधलंच पाहिजे. मेडिकेअरचं उलट होतं. कामावरच्या इजेची भरपाई सोडली तर १९८०पर्यंत तीच पहिली देणेकरी होती. त्या वर्षीच्या कायद्याने वाहनविमा आणि उत्तरदायित्वविमा तिच्यापुढे रांगेत उभे केले. २००५च्या कायद्याने खाजगी विमा कंपन्यांनी आपल्या पॉलिसीधारकांची माहिती राज्यांना द्यावी अशी तरतूद केली. ही शेवटची गोष्ट कोरडी वाटेल, पण सगळ्या वसुलीचा कणा तीच आहे. कोणाचा विमा कुठे आहे हे ठाऊक नसेल तर मागणार कोणाकडे?

तिथे दोन पद्धती रुळल्या. दुसरा देणेकरी आहे हे आधीच कळलं तर बिल त्याच्याकडे वळवायचं, आपण द्यायचंच नाही, ही पहिली. आधी आपण भरायचं आणि मग मागे लागायचं, ही दुसरी. पहिलीत सरकारचा पैसा जास्त वाचतो, पण रुग्ण मधल्या मध्ये लटकू शकतो. म्हणून लहान मुलांच्या प्रतिबंधक उपचारांसारख्या बाबतीत तिथल्या कायद्यानेच दुसरी पद्धत सक्तीची केली.

एका खाजगी विम्यापुढे दुसरा खाजगी विमा आला तर कोण आधी, याचेही नियम त्यांनी घालून ठेवले आहेत. न्यू जर्सीत आई आणि वडील दोघंही नोकरी करणाऱ्या मराठी घरात मूल आजारी पडलं, तर ज्या पालकाचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा विमा आधी देतो. जन्मसाल पाहत नाहीत, फक्त महिना आणि तारीख. ऐकायला गंमत वाटते, पण रुग्णालयाच्या काउंटरवर वाद उरत नाही. नियम कोणताही असो, तो आधी ठरलेला असणं महत्त्वाचं.

ब्रिटनचा रस्ता मला जास्त भावतो. तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा रुग्णाकडे पैसे मागतच नाही. १९९९च्या कायद्याने ठरलं की रस्ते अपघातातल्या जखमीला भरपाई मिळाली की त्याच्या उपचाराचा ठरावीक दराने काढलेला खर्च भरपाई देणाऱ्याने वेगळा सरकारात भरायचा. २९ जानेवारी २००७पासून हीच रीत सगळ्या प्रकारच्या इजांना लागू झाली. वसुलीसाठी एक सरकारी कक्ष आहे, तो थेट विमा कंपनीशी पत्रव्यवहार करतो, आणि पैसा रुग्णालयाकडे परत जातो. जखमीच्या भरपाईतून या खर्चासाठी एक पैसाही कापला जात नाही. बहुतेकांना हा व्यवहार झाल्याचा पत्ताही नसतो.

न्यूझीलंडने तिसरंच केलं. १ एप्रिल १९७४पासून त्यांनी इजेबद्दल दावा लावण्याचा हक्कच काढून घेतला आणि वाहनमालक, मालकवर्ग व करदाते यांच्याकडून गोळा केलेल्या निधीतून सगळ्या अपघातग्रस्तांवर उपचार सुरू केले. कोणाची चूक हे विचारायचंच नाही. त्या निधीत कोणाचा किती वाटा, एवढंच भांडण उरलं. एक चौथा पंथही आहे. त्याचं म्हणणं असं की आरोग्य हा हक्क आहे, सरकारने सगळ्यांना सारखं द्यावं, मागची वसुली हा कारकुनी खटाटोप आहे आणि त्यातून शेवटी गरिबालाच ताप होतो. या पंथाशी माझा मतभेद आहे, पण त्याची भीती खोटी नाही. अमेरिकेतच राज्यं जखमींच्या भरपाईवर इतकी तुटून पडली की सर्वोच्च न्यायालयाला २००६मध्ये आर्कान्सा राज्याला सांगावं लागलं: उपचारखर्चापोटी मिळालेला हिस्सा तेवढा घ्या, गेलेल्या हातापायाच्या आणि बुडालेल्या मजुरीच्या भरपाईला हात लावू नका. २०१३मध्ये नॉर्थ कॅरोलिनालाही तेच ऐकावं लागलं. २०२२मध्ये मात्र फ्लोरिडाच्या खटल्यात भविष्यातल्या उपचारासाठी मिळालेल्या पैशावरही राज्याचा हात पोहोचतो असा निर्णय आला. तो मला चुकीचा वाटतो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला हा विचार नवा आहे असं मुळीच नाही. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याने कामावरच्या इजेची जबाबदारी मालकावर टाकली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल लिहिला. तो १९४४मध्ये सादर झाला. त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. सोलापूरसारख्या गिरणगावात "ईएसआय" हा शब्द घराघरात पोहोचला तो या वाटेने. या कायद्याच्या कलम ५३चं सांगणं साधं होतं: कामावरच्या इजेसाठी इथून लाभ मिळणार असेल तर त्याच इजेसाठी दुसऱ्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येणार नाही. कलम ६८ त्याला जोड देत होतं: मालकाने वर्गणी भरली नाही आणि त्यामुळे कामगाराचा लाभ अडला किंवा कमी झाला, तर योजना चालवणारं महामंडळ कामगाराला त्याचा हक्काचा लाभ देऊ शकतं आणि मालकाकडून वसूल करू शकतं. आधी भरा, मग मागे लागा, हे आपल्या कायद्याने तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

मग गिरण्या बंद पडत गेल्या आणि माग शेडमध्ये आले. चादरी आणि टॉवेल तेच, माणसं तीच, पण हजेरीपट बदलला. दहा कामगारांची अट असलेला कायदा नऊ नावांच्या हजेरीपटाला लागत नाही. एका छपराखाली भावाच्या, बायकोच्या आणि मेहुण्याच्या नावाने तीन कारखाने असलेले मी स्वतः पाहिले आहेत. त्यातला कामगार हात अडकून आला तर त्याचा खर्च मालकाच्या वर्गणीतून निघायला हवा, तो आज करातून निघतो. योजना बदलली, देणेकरी बदलला, आणि हे बदलल्याचं कुठे नोंदलंही गेलं नाही.

बिडीचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. सोलापूरच्या पूर्व भागात हजारो बाया, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, उंबऱ्यावर बसून सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात. तंबाखूची धूळ घरातच असते. त्यांच्यासाठी १९७६मध्ये बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. बिडीवर उपकर बसला आणि त्या पैशातून दवाखाने, औषधं, मुलांच्या शिष्यवृत्त्या. ज्या धंद्याने खोकला दिला त्या धंद्यानेच औषधाचं द्यायचं, असं ते सरळ नातं होतं. जुलै २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला तसा हा उपकर संपला. दवाखाने एका दिवसात बंद झाले नाहीत, पण धंदा आणि औषध यांच्यामधला धागा तुटला. आता ते सर्वसाधारण अंदाजपत्रकातलं एक खातं आहे, दरवर्षी मागून घ्यायचं. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलातल्या बाया आजही बिडी कामगाराचं कार्ड जपून ठेवतात. त्या कार्डामागे पैसा कोणाचा होता आणि आता कोणाचा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

तिसरा धागा महाराष्ट्राच्या स्वतःच्या योजनेचा. १९९७ची जीवनदायी योजना आधी होतीच. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी आठ जिल्हे निवडले होते: गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि सोलापूर. दीड लाखाचं संरक्षण, पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड, आणि रुग्णालयाच्या दारात टेबल टाकून बसलेला आरोग्यमित्र, हे चित्र आपल्या जिल्ह्याने राज्याच्या बहुतेक भागांच्या वर्षभर आधी पाहिलं. नोव्हेंबर २०१३मध्ये योजना राज्यभर गेली. २०१७मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, २०२०मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. जुलै २०२३च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ठरलं आणि त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४पासून झाली. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२०मध्ये मंजूर झालेली बाळासाहेब ठाकरे अपघात विमा योजना, पहिल्या बहात्तर तासांत तीस हजारांपर्यंतची, पुढे याच योजनेत मिसळली आणि मर्यादा एक लाख झाली.

हे सगळं चांगलं झालं. मी ते मनापासून म्हणतो. २०१२च्या आधी अँजिओप्लास्टीसाठी जमीन गहाण टाकणारे पक्षकार माझ्याकडे यायचे, ते आता येत नाहीत. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात केमोसाठी जाणाऱ्या बाईला मंगळसूत्र काढावं लागत नाही, हे लहान काम नव्हे. पण योजना जितकी मोठी होत गेली, तितका आधी देणं कोणाचं हा प्रश्न मागे पडत गेला. मी एका दुपारी आरोग्यमित्राच्या टेबलाजवळ दोन तास बसलो. रेशन कार्ड आणलं का, आधार आहे का, नावात फरक का आहे, मोबाइल कोणाचा, पूर्वमान्यता आली की कळवतो. अपघाताचे तीन रुग्ण त्या वेळात येऊन गेले. धडक कोणी दिली, गाडीचा नंबर काय, तिचा विमा आहे का, हे एकालाही विचारलं नाही. त्या तरुणाची चूक नाही, संगणकावरचा तो रकाना भरणं त्याचं काम नव्हतं. शेजारच्या खोलीत एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणांच्या, रजिस्टरमध्ये मात्र गाडीचा नंबर लिहिलेला होता. पोलीस ठाण्यातही होता. १ एप्रिल २०२२पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा आहे. म्हणजे दोन दिवसांत कंपनीला कळतं की आपल्या पॉलिसीखालच्या गाडीने माणूस जखमी केला आहे. त्याच्यावर खर्च करणाऱ्या योजनेला हे कळत नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. "तुझ्याकडे दुसरी सोय नाही ना?" हा प्रश्न आपल्या व्यवस्थेला चांगला विचारता येतो. मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज केला की आधी सांगतात, फुले योजनेत बसतं का पाहा, धर्मादाय रुग्णालयात जमतं का पाहा. धर्मादाय रुग्णालयांत २००६च्या उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बलांसाठी राखीव असतात, पण तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो, तलाठ्याकडे फेऱ्या होतात. शेवटचा देणेकरी हे तत्त्व आपण गरिबाला पुरेपूर लावतो. ट्रकच्या विम्याला ते लावायचं राहून गेलं आहे.

न्यायालयांनी या क्षेत्रात बरंच काही सांगितलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा महाराष्ट्रातल्या प्रकरणांचा आहे. आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये ठरवलं की मृताच्या आयुर्विम्याचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, कारण तो वेगळा करार आहे आणि त्याचे हप्ते मृताने भरले होते. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तोच धागा पुढे नेला: जखमीला मेडिक्लेममधून मिळालेले पैसेही वाहन अपघाताच्या भरपाईतून वजा होणार नाहीत. स्वतःच्या पदरचा हप्ता भरून दूरदृष्टी दाखवणाऱ्याच्या शहाणपणाचा फायदा धडक देणाऱ्याला का मिळावा, हा त्यामागचा न्याय आहे आणि तो मला पटतो. मग माझ्या यंत्रमाग कामगाराचं काय? त्याचा हप्ता सरकारने, म्हणजे समाजाने भरला. समाजाच्या दूरदृष्टीचा फायदा धडक देणाऱ्याला मिळावा का? हा प्रश्न असा थेट विचारला जायला हवा. विचारणार कोण, ही अडचण आहे. जखमीला त्यात रस नाही, त्याचे उपचार झाले. रुग्णालय त्या दाव्यात पक्षकार नाही. योजनेला दावा चालू असल्याचं माहीत नाही. आणि कंपनी कशाला विचारेल?

खरं तर हत्यारं आपल्याच घरात आहेत. चालकाकडे परवाना नसला तरी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग वाहनमालकाकडून वसूल करावेत, हा आदेश आमच्या न्यायालयांत रोजचा आहे. २००४च्या स्वरणसिंग निकालाने तो पक्का केला. तिथे आधी भरणारी कंपनी असते. तिच्या जागी आरोग्य योजना ठेवून पाहा. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या बाबतीत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला पन्नास हजार मिळतात, आणि नंतर वाहन सापडून दुसरी भरपाई मिळाली तर आधीची रक्कम परत जाते, हे मोटार वाहन कायद्यातच लिहिलेलं आहे. रांगेचं तत्त्व कायद्याला मान्य आहे. ते फक्त रुग्णालयाच्या दारापर्यंत आलेलं नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याला कारण आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने कलम १६२मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना करायला सांगितलं होतं. वर्षं गेली, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये मुदत घालून दिली, आणि ५ मे २०२५ रोजी योजना अधिसूचित झाली: अपघातापासून सात दिवस, प्रत्येकी दीड लाखापर्यंत. तिचा पैसा कुठून येतो ते पाहण्यासारखं आहे. वाहनाचा विमा असेल तर सर्वसाधारण विमा कंपन्यांनी निधीत घातलेल्या वर्गणीतून, विमा नसेल किंवा वाहन पळून गेलं असेल तर सरकारच्या तरतुदीतून. अपघाताच्या उपचाराचा पहिला खर्च कोणाचा, याचं उत्तर या देशात पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिलं गेलं. आता आठव्या दिवशी काय? मांडीचं हाड सात दिवसांत जुळत नाही. आठव्या दिवशी तो रुग्ण फुले योजनेत किंवा सिव्हिल रुग्णालयाच्या वॉर्डात येतो, आणि खर्च पुन्हा आपल्याकडे.

दुसरं कारण वृद्धांचं. २०२४च्या अखेरीपासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना आयुष्मानचं कार्ड मिळतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असलेल्यांना दोन्हींतली एक निवडावी लागते. खाजगी पॉलिसी असलेल्यांना मात्र कसलीच अट नाही. सरकारी योजनांची आपसांत रांग लावली, खाजगी कंपनीला रांगेबाहेर ठेवलं. वीस वर्षं हप्ते भरलेल्या माणसाचा ऐन दुखण्याचा खर्च सरकारने उचलला तर त्या वीस वर्षांच्या हप्त्यांचं काय झालं? विमा नियामकाने मे २०२४च्या परिपत्रकात खाजगी कंपन्यांना सांगितलं आहे की ग्राहकाच्या दोन पॉलिसी असतील तर पहिल्या कंपनीने उरलेल्या रकमेसाठी दुसरीशी स्वतः समन्वय साधावा. म्हणजे समन्वय शक्य आहे. तो सार्वजनिक योजनेशीही साधा, एवढी ओळ त्यात हवी आहे.

या पुस्तकात आम्ही काय करायचा प्रयत्न केला ते सांगतो. लिहिणाऱ्यांत वकील आहेत, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेले डॉक्टर आहेत, विम्याची सर्व्हेची कामं केलेले आहेत आणि आरोग्यमित्र म्हणून काम केलेल्या दोन मुली आहेत. सगळ्यांची मतं एक नाहीत आणि ती एक करण्याचा अट्टहास मी केला नाही. कारखान्यातल्या इजेपासून रस्त्यावरच्या इजेपर्यंत आणि तिथून घरातल्या मेडिक्लेमपर्यंत, पैसा कोणत्या हातातून कोणत्या हातात जातो आणि कुठे गळतो, हे सोलापूर डोळ्यापुढे ठेवून दाखवायचं होतं. या गावात तिन्ही प्रकार एका रिक्षाच्या अंतरावर भेटतात. सिव्हिलमध्ये धाराशिवचा रुग्ण असतो, कलबुर्गी-विजयपूरचाही असतो, आणि दोन राज्यांच्या योजनांची भर पडली की हिशेबाचा गुंता काय होतो तेही इथेच दिसतं.

एका गोष्टीवर आम्ही सगळे एकमताने ठाम आहोत. पैशाचं भांडण रुग्णाच्या पाठीमागे व्हावं, त्याच्या खाटेसमोर होऊ नये. रक्त वाहत असताना गाडीच्या विम्याचा कागद मागणारी व्यवस्था आणण्यापेक्षा आजची गळती परवडली. म्हणून या पुस्तकाचा कल ब्रिटिश पद्धतीकडे आहे: उपचार आधी आणि बिनशर्त, खर्चाची नोंद त्याच दिवशी, आणि वसुली योजनेने थेट कंपनीकडून, जखमीच्या भरपाईला धक्का न लावता. विमा नसलेल्या वाहनांची संख्या मोठी आहे, तिथे यातून काही हाती लागणार नाही हेही आम्हाला माहीत आहे. जिथे विमा आहे तिथून सुरुवात करायला कोणाची हरकत असावी?

कामाला लागायला नवा कायदा यावा लागतो असंही नाही. उपचार मोफत झाले तरी त्यांचा खर्च किती झाला, याचा कागद रुग्णाच्या हाती पडला तर तो दाव्यात निशाणी म्हणून दाखल करता येतो आणि न्यायाधिकरणापुढे प्रश्न आपोआप उभा राहतो. मंजूर कदाचित होणार नाही, पण नोंद होईल, आणि अशा नोंदींचा ढीग झाला की वरच्या न्यायालयाला पाहावं लागतं. शेवटच्या पानावर त्यासाठीचा एक कोरा अर्ज छापला आहे: रुग्णाचं नाव, दाखल झाल्याची तारीख, एमएलसी क्रमांक, वाहनाचा क्रमांक, आणि "माझ्या उपचारावर सार्वजनिक निधीतून झालेल्या खर्चाचा तपशील मिळावा" ही विनंती. तुमच्या घरात, गल्लीत, शेडमध्ये कोणाला अपघात झाला असेल तर ते पान फाडून घ्या, भरा आणि डिस्चार्जच्या दिवशीच द्या.